मुठीच्या धान्याची टोपली

मुरुम, तालुका उमरगा
१२ जानेवारी १९६१

चि. तारामतीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? श्रीमंतरावांचा दमा? सोलापुरात थंडी बरी असेल. इथं पत्र्याखाली हाडं गोठतात. माझी विचारपूस तू केलीच असतीस, पण तुझं मागचं पत्र पोळ्याला आलं होतं, म्हणून मीच कळवते.

भांडण घंटेवरून सुरू झालं. आपल्या ख्रिस्तमंदिरातली घंटा आमच्या यांनी दिलेली (हयात होते, आडत जोरात होती तेव्हा), हे सगळ्या मुरुमाला ठाऊक. मी बाकावर बसल्याशिवाय ती वाजू नये, एवढीच माझी साधी अपेक्षा. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी अजून वाटेत, आणि घण घण घण! पाळकसाहेब नवे आहेत. म्हणाले, मार्थाबाई, उपासना वेळेवर सुरू होणार. वर उपदेश कशावर, तर कृपेवर! कृपा फुकट मिळते, ती कुणाची कमाई नसते, म्हणे. फुकट कशी? आम्ही घंटा दिली की! त्या दिवसापासून मी पायरी चढले नाही. म्हटलं, येतील समजूत घालायला. चहासाठी साखर वेगळी काढून ठेवली. तिला मुंग्या लागल्या, पण माणूस काही आलं नाही.

नाताळात तापानं धरलं. कामाची बाई सकाळी येऊन जाते, पुढं घर खायला उठतं. जोंधळ्याच्या दोन कणग्या भरलेल्या, रेडिओ आहे, आणि तांब्याभर पाणी द्यायला कुणी नाही. रेडिओ चालूच ठेवायची, कुणीतरी बोलतंय एवढंच. लई एकटं वाटलं गं, तारा.

आणि गेल्या रविवारी दारात धुरपताबाई (बाजारात केरसुण्या विकते ती, आपल्याच मंडळीतली), डोक्यावर टोपली. मुठीचं धान्य तुला ठाऊकच आहे. भाकरी थापायच्या आधी घरोघरी एक मूठ गाडग्यात टाकायची, आणि रविवारी सगळ्यांचं एका टोपलीत ओतून नडलेल्या घरी पोचवायचं. ती टोपली माझ्या दारात! माझा तोलच गेला. अंथरुणातून ओरडले, "मी काय भिकारीण झाले व्हय गं?" त्यात पाहते तर वरचे जोंधळे किडके. म्हटलं, हे कुठल्या मेल्यानं टाकले? तर ती शांतपणे म्हणते, "तुमच्याच घरचं हाईत, बाई." (मंदिरात जाणं सोडलं तरी मूठ मी कामवालीबरोबर पाठवत होते. आपला मान आपण सोडू नये.)

टोपली माझ्याकडं का, तर म्हणाली, "पाळकसायबांनी इचारलं, समद्यात नडल्यालं कोन? समदी म्हनली, मार्थाबाई. घरात मानूस न्हाय."

मी म्हटलं, उचल आणि नीघ. ती कसली निघतेय! निवडून, जात्यावर दळून तिनं भाकरी थापल्या, आणि मला वाढून आपणही समोर जेवायला बसली. मी तिला काहीच दिलं नव्हतं गं, आजवर कधीच नाही. तरी बसली. भाकरी कडूच होती, दोन खाल्ल्या. मला रडू आलं. मी म्हटलं, चटणीचा ठसका लागला. ती बरं म्हणाली.

बाकी इकडं ठीक. पोरांना माझे गालगुच्चे.

तुझी,
मार्थाअक्का

ता.क. ताप उतरलाय. पण पाळकसाहेबांना यातलं अक्षर लिहू नकोस, नाहीतर टोपली दुसऱ्या घरी जाईल.

आणखी एक, आणि पत्र खरं त्यासाठीच. येत्या रविवारी धुरपतानं मला तिच्या घरी बोलावलंय. काम काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, काम न्हाय, नुसतं बसाया या. तारा, आजवर मी कुणाच्या घरी गेले ती काहीतरी द्यायला, नाहीतर चार शब्द सुनवायला. नुसतं बसायला गेलेली माणसं पहिलं काय बोलतात गं? उलट टपाली कळव.