डेल्मरचं मेण

ऑर्विल, चुलीजवळ खुर्ची ओढून बस आणि वाच. एक गोष्ट सांगायची आहे, पण ती गोड नाही.

काल नेमबाजीत तुझ्या गोळ्या भरकटल्या, त्याला कारण मी. शुक्रवारी तू गावात गेलास तेव्हा मी मायेनं तुझी रायफल साफ केली. नळी धुवायचं औषध लावून, ब्रश फिरवून नळी आतून आरशासारखी चकचकीत केली. शिशाच्या गोळ्यांना लावलेल्या मेणाचा थर नळीला आतून बसला तरच नेम लागतो, हे तू कितीदा सांगितलंस! आणि मला आठवलं कधी, तर काल जेवताना तू मेण देणाऱ्या आपल्या शेजाऱ्यावर, डेल्मरवर ओरडलास तेव्हा.

"तुझं मेण आहे की काजळी? गोळ्या कोंबड्यांसारख्या चौफेर पळाल्या!"

"मग पुढच्या खेपेला तूच पाळ मधमाश्या, म्हाताऱ्या," डेल्मर म्हणाला, आणि भरल्या ताटावरून उठून गेला. मी तिथेच घेवडा वाढत होते. तोंड उघडलं नाही.

आज रविवार, बंदुकीला हात लावू नकोस. उद्या त्याच मेणाच्या काही गोळ्या मागच्या बांधावर झाडून घे. थर बसला की नेम परत येईल.

मक्याचा ब्रेड झाकून ठेवलाय. मी आधी डेल्मरकडे जाते, मग चर्चच्या सभेला. पाद्रीबाबा प्रवचन सुरात गाऊ लागले की पहिलं 'आमेन' माझं असतं. आज मान वर होणार नाही.

जेवणाआधी प्रार्थना करशील तेव्हा डेल्मरचं नाव आठवणीनं घे. त्याच्या मेणात काही खोट नव्हती.

आयडेल