माझ्या बाकावरची गळती

९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

पत्र पोचलं. तुम्ही दोघं मजेत आहात हे वाचून बरं वाटलं, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मीही ठीक. गुडघा दुखतो, पण तो मी मुख्याध्यापिका होते तेव्हापासून दुखतोय. त्यात बातमी नाही.

तू विचारतेस, "ताई, गाडी कुठवर आली?" गाडी कुठेही आलेली नाही. तू सोडून गेलीस तिथेच, मागच्या आवारात, भिंतीला नाक लावून उभी आहे. फक्त आता विटांवर नाही, स्वतःच्या चाकांवर उभी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आपण दोघी मिळून पुढचं चाक काढत होतो तेव्हाच फोन वाजला आणि तू हात पुसत आत गेलीस. तो फोन कुणाचा होता हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर चाक मी एकटीनेच काढलं होतं.

असो. तक्रार नाही. तुमच्या लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी साक्षीदार म्हणून सही मीच केली, आणि फोटोत माझी नखं काळी दिसतात म्हणून तू अजून कुरकुरतेस. ग्रीस होतं ते. मी आंघोळ करून आले होते.

व्हॅनच्या आतलं लाकूडकाम संपलं. खालची कुजकी फळी काढली तर पत्र्याला एवढं भोक होतं, की त्यातून आवारातलं गवत आत डोकावत होतं. जुनी गाडी म्हणजे जुनं माणूसच गं, रंग खरवडल्याशिवाय कुठे काय खाल्लंय ते कळत नाही. पडदे मी हाताने शिवले. कॉन्व्हेंटात सिस्टरने पट्टी मारून शिकवलेली टीप शेवटी कामी आली. उलट्या बाजूनेही सरळ. तिला आता स्वर्गात समाधान वाटत असेल, आणि तरी ती एखादा टाका उसवायला लावेलच.

बाक दोन्ही झाले. डावा तुझा, उजवा माझा. तुझ्या गादीला जरा मऊ फोम घातलाय, तुझ्या पाठीमुळे.

इंजिनाचं काम मिस्त्रीकडे. मी त्याचं नाव 'उद्या' ठेवलंय. परवा म्हणाला, "बाई, क्लचची वायर उद्या नक्की." मी म्हटलं, "अरे, उद्या नावाचा वार कुठल्या आठवड्यात येतो ते तरी सांग." हसला. निर्लज्ज आहे, पण हात चांगला आहे.

समोरची कुंपणापाशी येऊन म्हणाली, "ह्या वयात एकटीनं हे काय चालवलंयत हो?" मी म्हटलं, "ह्या वयात लोक लग्नं करतात, मी नुसता पत्रा रंगवतेय." हे तुला लागावं म्हणून लिहिलेलं नाही. तिला लागावं म्हणून बोलले होते.

एकच कटकट आहे. छत गळतं. सकाळी बघावं तर माझ्या बाकावरची चादर ओली आणि वर पत्र्याला थेंब लटकलेले. मागच्या पावसाचं पाणी कुठेतरी अडकून बसलं असणार. सांध्यांमध्ये सीलंट भरलंय.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, "गाडी झाली की आम्ही येऊ." हे 'आम्ही' कोण? गाडीत झोपायला बाक दोन. तुझ्या त्यांना हवं तर छतावरचं कॅरिअर देते, तिथे वाराही भरपूर लागेल. दीपगृहापर्यंत जायचं ठरलं होतं ते आपलं दोघींचं, निवृत्तीनंतरचं, गाडी घेतली त्याच दिवशी ठरलेलं. तू येणार की नाही, एवढं एका शब्दात कळव.

तुझी,
ताई

—

२९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

मी एक शब्द मागितला, तू चार पानं पाठवलीस. त्यात त्यांच्या मोतीबिंदूची हकिगत, डॉक्टरांचा स्वभाव, नव्या स्वयंपाकघरातली सांडपाण्याची मोरी आणि शेजाऱ्यांची मांजर आहे. मांजरीला पिल्लं झाली हे वाचून माझं जीवन धन्य झालं. तो शब्द मात्र मी दोनदा शोधला. "एक डोळा झालाय, दुसरा व्हायचाय, मग बघू." शाळेत असतीस तर ह्या उत्तराला मी शून्य दिलं असतं आणि वहीवर 'प्रश्न नीट वाचा' असं लिहिलं असतं.

माझी बातमी छोटी आहे. इंजिन सुरू झालं.

'उद्या' शेवटी आज आला. दुपारभर खुडबुडला, आणि एकदम ती धडधडली. सगळी गाडी थरथरायला लागली, ताटल्यांचा खुळखुळ झाला, मागून धुराचा एक काळा लोट निघून समोरचीच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला. मी उडी मारून उतरले, माझ्या गुडघ्यासकट, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून ओरडले, "अगं, सुरू झाली!"

'उद्या'ने विचारलं, "घरात कोण आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही. तू तुझं काम कर."

गळतीचं काही जमत नाही. पाऊस नाही, ढग नाही, आभाळ धुतल्यासारखं कोरडं, आणि सकाळी आत थेंब. पूर्वी चार होते, आता रांगच लागते. खिडक्यांची जुनी रबरं काढून नवी बसवली. दाराखालची फट बुजवली. छतात हवेसाठी एक जाळी होती, तीही सीलंटने गच्च केली. जितकं बुजवावं तितकं जास्त गळतं. आणि गंमत बघ, पाणी फक्त माझ्या बाकावर आणि माझ्या बाजूच्या काचेवर. तुझा बाक खडखडीत कोरडा. गाडीसुद्धा तुझीच बाजू घेते.

मध्ये मावसबहिणीकडे दोन दिवस राहून आले, तर परत आल्यावर सगळीकडे कोरडं. म्हटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. 'उद्या'ला दाखवायला बोलावलं तर तो आला टळटळीत दुपारी. "बाई, मला तर गळती दिसतच नाही." मी म्हटलं, "तुला दिसावी म्हणून ती थांबून राहील का?"

तू विचारतेस, सकाळी लवकर फोन केला तर मी उचलत का नाही. सकाळी मी बाहेर असते. झाडांना पाणी वगैरे. दहानंतर करत जा.

तुझी खोली झाडून ठेवते. दार ओढून घेतलंय. उगाच वारा येतो.

दुसरा डोळा कधी, ती तारीख कळव. मला गाडीचं काहीतरी ठरवायला हवं. थंडी वाढली की घाटात गाडी तापायचा त्रास नसतो असं 'उद्या' म्हणतो, म्हणजे हीच वेळ.

तुझी,
ताई

—

१५ डिसेंबर

प्रिय धाकटे,

पत्र उघडलं आणि आधी तुझं अक्षर वाचायचं सोडून खालच्या तीन ओळी वाचल्या. बारीक, तिरपं, डोळ्याला पट्टी बांधून लिहिल्यासारखं अक्षर.

"ताई, ही गळती नव्हे. जाळी मोकळी करा आणि काच बोटभर उघडी ठेवा. गाडीत रात्री कोण झोपतं?"

आधी मी संतापले. वसतिगृहात आपली प्रत्येक चिठ्ठी मदर सुपिरिअर फोडून वाचायच्या. त्या जाचातून सुटले त्याला इतकी वर्षं झाली, आणि आता माझी पत्रं माझ्या बहिणीचा नवरा वाचतो! आणि नुसता वाचत नाही, त्यातून तपास लावतो. उभी हयात शीतगृहात बटाटे राखण्यात गेली ह्या गृहस्थांची, आता माझ्यावर पाळत.

तू वर समजावून लिहिलं आहेस. शीतगृहात रात्रपाळीचा माणूस बंद खोलीत झोपला की थंड पत्र्याला त्याच्या श्वासाचं पाणी लागायचं, ते म्हणे दार उघडताच ओळखायचे. एकाच बाजूला पाणी, फक्त सकाळी, आणि ताई गावाला गेली की कोरडं. "ताई, खरं सांग," असं तू लिहिलंयस.

दोन दिवस मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग सुरी घेऊन जाळीवरचं सीलंट खरवडलं. काच बोटभर उघडी ठेवली. सकाळी पत्रा कोरडा. हे त्यांना कळवायची काही गरज नाही. बरं, कळव. उगाच डोळ्यावर ताण देत उत्तराची वाट बघतील.

तर हो. गाडीत मी झोपते. तू गेल्यापासून.

ठरवून नाही. रंग वाळेपर्यंत जरा पडले आणि एकदम सकाळ झाली. किती तरी दिवसांनी तशी झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी उशी नेली, मग रजई. समोरचीला वाटतं मी पहाटे उठून कामाला लागते. वाटू दे. माझ्याविषयी चांगलं वाटणारी ती एकटीच उरली आहे.

आणि तुझं पत्र. चार पानं नाहीत ह्या वेळी. "ताई, मी येते. पंधरा दिवस येते. ते म्हणाले, जा, माझं मी बघतो, डोळ्याचं पुढे ढकलू. आपण दीपगृहाला जाऊ." महिनाभर मी हाच शब्द मागत होते. पत्र हातात घेऊन गाडीत गेले, तुझ्या बाकावरचं सामान उचललं, खोकं, रंगाचे डबे, टायरचा पंप. गादी झटकली. पांघरूण काढून ठेवलं. काय काय करायचं त्याची मनात यादीसुद्धा झाली.

मग तशीच बसून राहिले. तुला हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल ताई रुसली आहे. रुसले होते, ती गोष्ट वेगळी. आज रुसलेली नाही.

घरात मला झोप लागत नाही. पहाटे तुझी ती खोकल्याची उबळ यायची, मग दिव्याच्या बटणाचा खटका, मग तू सपाता फरफटत पाणी प्यायला जायचीस. "पाय उचलून चाल," मी अंथरुणातून ओरडायचे. "तू झोप गं," तू म्हणायचीस. किती वर्षं? आई गेल्यापासून धर. रोज माझी झोप मोडायची आणि रोज मी तुझ्या नावाने खडे फोडायचे. आता मी त्याच वेळेला जागी होते आणि ऐकत पडते. काही येत नाही. ते न येणं इतकं मोठ्याने ऐकू येतं, की पुन्हा डोळा लागत नाही. तुझं दार ओढून घेतलं ते वाऱ्यासाठी नाही.

गाडीत तसं होत नाही. तिथे तू दिवसा होतीस, पाना हातात घेऊन, नाकाला काळं लावून, चुकीचा स्क्रू फिरवत. पण तिथे तू एकदाही झोपली नाहीस. रात्रीची गाडी तुला ओळखतच नाही. तुझ्या बाकावर कुणी नसतं, पण तो नवीनच आहे, त्यावरून कुणी उठून गेलेलं नाही. म्हणून मला तिथे काही कमी वाटत नाही. मी आडवी होते, पडद्याच्या टाक्यांकडे बघते आणि झोपते. ह्या वयात एवढी एक जागा मला सापडली आहे.

आता तू पंधरा दिवस येशील. त्या बाकावर झोपशील. पहाटे खोकशील, अंधारात सपाता चाचपशील, आणि मी ओरडेन, आणि तू म्हणशील "तू झोप गं." मला माहीत आहे, मी इतकी खूश होईन की तुला ते दिसू नये म्हणून दिवसभर तुझ्यावर खेकसत राहीन. मग पंधरा दिवस संपतील आणि तू तुझ्या घरी जाशील. जायलाच हवं, ते तुझं घर आहे. आणि सोळाव्या दिवशी मी कुठे झोपू, धाकटे? माझ्याकडे दुसरी गाडी नाही.

म्हणून तू येऊ नकोस.

त्यांचा डोळा पुढे ढकलू नका. माणसाने एका डोळ्याने माझी पत्रं वाचणं बरं नाही, दोन्हींनी नीट वाचू देत. मी सोमवारी निघते. वायर नवी आहे, ब्रेक मी स्वतः तीनदा तपासलेत. 'उद्या' म्हणाला, "बाई, एकट्या? मी येऊ का घाटापर्यंत मागून?" मी म्हटलं, "तू आलास तर आपण उद्याच पोचू." मग तो बराच वेळ टायर बघत बसला. वाईट वाटलं असावं बिचाऱ्याला.

दीपगृहाशी उतरून मी काही तुझी आठवण वगैरे काढणार नाही. थंडी असेल, चहा करीन, पिईन.

परत आल्यावर मात्र तुम्ही दोघं या. घरात या. तुझ्या खोलीचं दार उघडून ठेवीन. तुम्ही असाल तेवढे दिवस मी घरातच झोपेन, आणि तुम्ही गेलात की काय करायचं ते माझं मी बघेन.

ह्या पत्राला घाईने उत्तर लिहू नकोस. ते घ्यायला घरी कुणी नसेल.

वाट न पाहणारी,
तुझी ताई