स्वीडनचं गाणं आणि शुक्रवारचा होकार

टेमघर, भिवंडी
शुक्रवार, दुपार

प्रिय दिना,

सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात आणि आई नेहमीसारखी त्यांच्यावर ओरडते. मोबाईलवर मला मोठं काही लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. एका ओळीला अर्धा तास लागतो आणि मग मी कंटाळून नुसता अंगठा पाठवतो. त्या अंगठ्यांची तू किती टिंगल केलीस! कागदावर मात्र माझा हात अजून चालतो. विहाराच्या फळ्यावर पौर्णिमेची सूचना अजून माझ्याच अक्षरात लागते. आज शुक्रवारची सुट्टी, कारखान्यातल्या लूम बंद, म्हणून जेवण झाल्यावर खिडकीपाशी बसलोय. दमलोय गं फार. कामाने दमायचो तेव्हा झोपलो की बरं वाटायचं, हे दमणं झोपून जात नाही.

तुझ्या आणि सार्थकच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर मला सोमवारी प्रेसमध्ये द्यायचा आहे. चार दिवस झाले, 'आयु. धम्मदिना' इथवर लिहितो आणि पेन खाली ठेवतो. तू ड्रम विकलेस, पुण्यातला तुमचा बँड सोडलास, ही बातमी आईने मला हसत हसत दिली, त्याला आता तीन आठवडे होतील. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. फोन येतो तो आईला, आणि मला द्यायच्या आधीच तू ठेवून देतेस. मला त्याबद्दलच लिहायचंय, पण थेट तिथे जायची हिंमत होत नाही. म्हणून आधी तुझ्या त्या स्वीडनच्या गाण्याबद्दल लिहितो. म्हाताऱ्याचं एवढं सहन कर.

ते गाणं तू घरात आणलंस तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस. गाणं म्हणे काही वर्षं जुनं, पण मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे एकाएकी जगभर गाजायला लागलेलं. स्वीडन कुठे आलं ते तू मला नकाशात दाखवलंस. एवढ्या थंडीत राहून ही माणसं असं तापलेलं गाणं कसं करतात, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस की याला हेवी मेटल म्हणतात. मी म्हटलं, हेवी मेटल तर आम्ही रोज तेल घालून चालवतो. तू हसलीस, पण पोस्टर लावलंसच. गाणारा पाद्रीबाबासारखा झगा घातलेला, तोंड कवटीसारखं रंगवलेलं, आणि मागे वाजवणारे सगळे एकाच साच्यातले मुखवटे लावून. आईने ते बघितलं आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर हे थोबाड चालणार नाही, असा निकाल दिला. मग ते कपाटाच्या दाराला आतून लागलं. पुढे वर्षभर साडी काढताना ती दचकायची.

मला मात्र रंगवलेल्या तोंडाचं वावडं कधीच नव्हतं. तुझे आजोबा दामू गायकवाड आंबेडकरी जलशात असेच तोंडाला पांढरा रंग फासून उभे राहायचे. कधी सावकार व्हायचे, कधी भटजी, तर कधी भूत. बघणारे आधी हसायचे, मग गप्प व्हायचे आणि घरी जाऊन मुलांना शाळेत घालायचे. काही नातेवाइकांना तेव्हाही लाज वाटायची, की हा दामू तोंड रंगवून नाचतो. आजोबा म्हणायचे, तोंड रंगवलं की लोक चेहऱ्याकडे बघत नाहीत, ऐकतात. तू मला सांगितलंस की त्या बँडचंही सगळं नाटकच आहे, मुखवट्याआड साधी माणसं आहेत. मला ते लगेच पटलं होतं. तुला तसं सांगायला हवं होतं. आपल्या घरात कौतुक म्हटलं की माणूस पाणी प्यायला उठतो.

उलट मी तुझ्या चुका काढल्या. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर, हे तू लहानपणी शाळेत सांगायचीस. साठ लूम एकदम चालू असायच्या, आणि कारखान्याच्या दारात उभं राहून मी सांगायचो की तिसऱ्या ओळीतली पाचवी आजारी आहे, तिचा धोटा उजवीकडून उशिरा निघतोय. बघायचीसुद्धा गरज नसायची. त्याच कानांनी मी तुझं वाजवणं ऐकलं. तू त्या गाण्यावर आईचे डबे पालथे घालून सराव करायचीस, खालच्या मजल्यावरचा अनंता वर येऊन बडबडून जायचा, आणि मी चहा पिता पिता म्हणायचो, तुझा डावा हात उशिरा पडतोय. तू चिडायचीस. दोन दिवसांनी तोच ठोका बरोबर पडायचा. माझ्यासारखी कारागीर घरात तयार होतेय, याचा मला केवढा अभिमान वाटायचा.

आता इथलं सांगतो. कारखान्यातल्या निम्म्या लूम भंगारात गेल्या. शेठ म्हणतो, उरलेल्याही दिवाळीनंतर काढतो, जागा गोडाऊनला देतो. अंजूरकडे तर शेतंच संपली, नुसती गोडाऊनं. मी तीस वर्षं त्या आवाजात उभा राहिलो. आत कोणी बोलत नाही, तुला ठाऊक आहे, बोलून उपयोगच नसतो. कामगार काही सांगायला आला की आपण आधी मान हलवायची, हां हां म्हणायचं, मग त्याच्या बोटाकडे बघायचं, त्याने दाखवलेल्या जागी जायचं. काय म्हणतोय ते कळायच्या आधी होकार निघतो. ही आमच्या धंद्याची सवयच. मान हलवली नाही तर समोरच्याला वाटतं, मास्तर ऐकत नाही.

पाच वर्षांपूर्वी आधी कुकरची शिट्टी गेली. मला वाटलं, कुकरच बिघडला. मग विहारात वंदनेला मागच्या रांगेत बसलो की शब्द लागेनात. म्हणून मी पुढे बसायला लागलो, आणि भन्तेजींचे ओठ बघून साधू साधू म्हणायला लागलो. लोकांना वाटलं, नरेंद्र फार भाविक झाला. कारखान्यात मी लूमच्या लोखंडावर तळहात ठेवून दुखणं ओळखायला शिकलो. शेठला कळलं नाही. जॉबरला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवेल? हळूहळू एकेक माणूस ऐकू येईनासा झाला, आधी बारीक आवाजाचे, मग सगळे. शेवटी तूही गेलीस. फोनवर तुझा आवाज येतो हे कळतं, पाण्याखालून आल्यासारखा, शब्द एकही नाही. आईला हे कधी सांगितलं नाही, आणि तिने कधी विचारलं नाही. पण फोन आधी ती घ्यायला लागली, तुझं सगळं ऐकून मला हातवाऱ्यांनी सांगायला लागली. मग मी फोन कानाला लावून हां, बरं, छान, जेव पोटभर, एवढं बोलायचो. दोघांची अळीमिळी गुपचिळी. काल मी तिला अखेर सांगितलं तेव्हा ती म्हणाली की दोन वर्षं वाट बघतेय, कधी कबूल करता.

तुझं ते गाणं मला अख्खं कळलेलं शेवटचं गाणं. तू पुण्याला जायच्या आधी, सामान बांधताना तुझ्या त्या मोठ्या स्पीकरवर लावलं होतंस. तू आत होतीस. मी दोन्ही तळहात स्पीकरवर ठेवून उभा राहिलो. सुरुवातीला पेटीसारखा लांब सूर, मग ड्रम, आणि त्यावर त्या माणसाचं गोड गोड गाणं. शब्द मला तसेही कळले नसते, म्हणून काही चुकल्यासारखं वाटलं नाही. तू बाहेर आलीस तेव्हा मी हात काढून घेतले आणि स्पीकरवरची धूळ पुसतोय असं दाखवलं.

आता तुझ्या फोनच्या त्या शुक्रवारकडे येतो, तू ड्रम विकायच्या आधीच्या. आई खारबावला मावशीकडे गेली होती. फोन वाजलेला कळत नाही, पण तो थरथरतो. तुझं नाव बघितलं आणि मी उचलला. उचलायला नको होता. आई नाही एवढं सांगून ठेवायला हवा होता. पण पोरीचा फोन ठेवून कसा द्यायचा? तू बोलत राहिलीस, अकरा मिनिटं. मी मनाशी अंदाज बांधला. आदल्या शनिवारी तुमचा पुण्यात कार्यक्रम झाला, तू तोंड रंगवून तेच गाणं वाजवलंस, खूप टाळ्या पडल्या, हे आईने सांगितलं होतं. मला वाटलं, तेच तू मला आनंदाने सांगतेयस. म्हणून तू थांबलीस की मी बोलत गेलो. मी म्हणालो, "हां हां. छान झालं. असंच पाहिजे. हे सगळं त्या गाण्यामुळे झालं, मी म्हणत होतोच." पुन्हा तू काहीतरी विचारलंस, आवाज वर गेल्यासारखा वाटला. व्हिडिओ पाठवून देऊ का विचारतेयस, असं मी धरून चाललो. मी म्हणालो, "हो, हो. दे." आणि पोटभर जेवायला सांगून फोन ठेवला. त्या दिवशी मी फार खूश होतो. इतका वेळ तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस.

मागच्या शुक्रवारी मृणाली आली. पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. तुझी शाळेपासूनची मैत्रीण, तरी आल्या आल्या माझ्याशी भांडायलाच लागली. हात उडवत होती, डोळ्यांत पाणी. मी सवयीने मान हलवली. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या खिशातलं पेन काढलं आणि पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहिलं, काका, तुम्हाला ऐकू येत नाही का? मी हो म्हणालो. कित्येक वर्षांत समजून दिलेला तो माझा पहिला होकार. मग तिने खाली बसून सगळं लिहिलं. कार्यक्रमाचा व्हिडिओ सार्थकच्या घरच्या ग्रुपवर गेला. त्याच्या आत्याला तुझं रंगवलेलं तोंड बघून लाज वाटली. त्यांनी निरोप धाडला, की वाजवणं सोड, व्हिडिओ काढ आणि मोठ्यांची माफी माग, तरच लग्न. सार्थक गप्प बसला. तू आईला नाही विचारलंस, कारण आई काय म्हणेल ते तुला माहीत होतं. तू मला विचारलंस. शेवटी मृणालीने तुझेच शब्द लिहिले, "पप्पा, सोडून देऊ का सगळं? तुम्ही सांगाल तसं करेन."

आणि मी म्हणालो, हो, हो, दे.

दिना, तो होकार माझा नव्हता. तो एका बहिऱ्या माणसाचा होता, ज्याला मी बहिरा आहे एवढं म्हणायची लाज वाटत होती. माझी अब्रू मी राखली आणि किंमत मोजली तुझ्या ड्रमने. तीन आठवडे तुला वाटत असेल की बापाने तुझ्या अपमानावर छान झालं म्हटलं, आणि वर गाण्यालाच दोष दिला. सार्थक वाईट मुलगा नाही, त्याच्या घरचे शत्रू नाहीत. तुला मनापासून तेच घर हवं असेल आणि वाजवणं तुझं तूच सोडत असशील, तर मी पत्रिका माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहीन आणि लग्नात सगळ्यांच्या पुढे उभा राहीन. पण माझ्या शब्दावर सोडू नकोस. प्रेसवाल्याला मी थांबायला सांगितलंय आणि आईलाही हे पत्र इथवर वाचून दाखवलंय. ती रागावली, मग रडली, मग म्हणाली, टाका पोस्टात. सार्थकशी बोलायचं तर मी येतो, मृणाली लिहून देईल, मी वाचून उत्तर देईन. तू मला विचारलंस तेव्हा मी ऐकलं नव्हतं. आता ऐकलंय. नको सोडूस, पोरी.

तुझाच,
पप्पा