जाळ्याचा वाटा

१८ नोव्हेंबर
बाबांवर इतकी चिडलेय की जेवण गेलं नाही! आज रापण ओढली, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं सगळ्यांनी मिळून दोराने किनाऱ्यावर ओढलं. दोरावरच्या प्रत्येकाला मासळीचा एक वाटा, जाळ्याचे मालक म्हणून बाबांना दोन. वाटे घालताना रापणकरांचे म्होरके भाई म्हणाले, "चंद्रावतीन दोर ओढूक नाय. वाटो खंयचो?" अहो, हात मोडलाय चंद्रावतीकाकींचा! काका गेल्यापासून काकींचं घर त्या एका वाट्यावर चालतं. रापण आमची, शब्द बाबांचा — आणि बाबा गप्प! काकी रिकामी टोपली घेऊन गेल्या.

२० नोव्हेंबर
कॉलेजात इतिहासाच्या इझाबेल मॅडमनी सेमिनारला विषय दिला — फ्रेंच राज्यक्रांतीतली समता. म्हटलं, झालं, पुन्हा गिलोटिन! पण १७९३ साली तिथली माणसं भर सभेत म्हणत होती, पहिला हक्क जगण्याचा, मालमत्तेचा त्यानंतर. ज्याला काम करता येत नाही त्याला पोसणं हे समाजाचं देणं आहे, उपकार नव्हे. वाचताना काकींचा हात डोळ्यांसमोर येत राहिला.

२१ नोव्हेंबर
ते सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुद्दामच.
"तुझ्या फ्रान्सात रापण होती काय गो? मासळीच नाय, तर वाटे कितके करू?"
"मगे काकीन काय खावचा?"
बाबा ताट तसंच टाकून उठले.

२४ नोव्हेंबर
वारा. रापण नाही. बाबा अंगणात जाळं शिवतात, मी आतल्या खोलीत जेवते. जूनमध्ये एम.ए.ला पुण्याला गेले की सुटले!

२६ नोव्हेंबर
मॅडम म्हणाल्या, हे हक्क लिहिलेली १७९३ची राज्यघटना मंजूर झाली, पण लढाई संपेपर्यंत थांबा म्हणून लाकडी पेटीत ठेवली. अमलात कधी आलीच नाही. मंजूर करून पेटीत! मला संतापच आला.
उद्या रापणकरांची बैठक आहे. दोर नाही तर वाटा नाही, असा भाईंना नियमच करून घ्यायचाय. मी जाऊन बोलणार.

२७ नोव्हेंबर
बोलले! सगळं बोलले. भाई हसले. "बरा बोललंस. पण वाटो कोणाच्यातलो देवचो? तुझ्यातलो?"
"देतंय माझ्यातलो!"
माझा म्हणून वाटा आहेच कुठे? तोंडातून निघून गेलं. बाबांनी मात्र चमकून पाहिलं.

२८ नोव्हेंबर
बाबांनी आपला दुसरा वाटा, जाळ्याचा, काकींच्या नावे केला. "आदी पोट, मगे जाळा. तूच सांगलंस ना गो?" पुण्याची फी त्याच वाट्यातून साठत होती. मी होकाराची मान हलवली.
खरं लिहिते — क्षणभर मला काकींचाच राग आला.