एकाच होडीच्या एकोणीस फ्रेम

पनवेल, रविवार संध्याकाळ

उरणच्या धक्क्यावर काढलेला फिल्मचा रोल आज धुऊन आला. छत्तीस फोटो एका कागदावर. लाल पेन्सिल घेऊन निवडायला बसलो. एकोणीस एकाच होडीचे. एकोणीस! उजेड सरकायची वाट बघत होतो ना, मोठा कलावंत. तेव्हा धक्क्यावर आई शेजारीच उभी होती. "माझाही एक काढ रे, मी गेल्यावर लावायला." मी म्हटलं, "आई, ही फिल्म आहे, मोबाइल नाही. फ्रेम वाया जाते." तिने सारखा केलेला पदर सोडून दिला.

गेल्या महिन्यात ती गेली. बायकोने कागद दोनदा पाहिला. "अहो, यात आई कुठेत?" होडीच्या अकराव्या फ्रेमच्या कडेला तिचं कोपर आहे, तेवढंच.

भिंतीवर तिचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. तो काढणाऱ्याने उजेडाची वाट पाहिली नव्हती.