चिमणीसाठी तीन स्थळं

रविवार, दिवेलागण

आमच्या चिमणीला, म्हणजे व्हिपेट कुत्रीला, जोडीदार शोधतोय. सोनईचा प्रदर्शनात मिरवणारा, देखणा. कर्जतचा शर्यतीतला, वाऱ्यागत पळतो. शेजारच्या वस्तीवरचा मोत्या कामाचा, कांद्याच्या चाळीतल्या घुशी धरतो; पण एका घुशीनं त्याचा कान फाडलाय. आमच्या चाळीत घुशींनी उच्छाद मांडलाय, तेव्हा पिल्लं मोत्याचीच हवीत. तरी मन अडतं त्या फाटक्या कानापाशी. पिल्लं तशीच निघाली तर?

हिला विचारलं, तर भाकरी थापता थापता हसत सुटली. "अवो, तुमचं बोट कडबाकुट्टीत तुटलं. आपल्या पोरांची बोटं कमी हायेत का?"

थोट्या बोटाकडं बघून मीही लई हसलो. उद्या सकाळीच मोत्याच्या मालकाकडं जातो. चिमणी चुलीपाशी झोपलीय, तिला कशाचाच पत्ता न्हाई.