रेल्वेच्या बोटीवरचा आजा

प्रिय लियाकत,

फोन हातात घेते आणि पुन्हा ठेवते. बोलायला लागले तर रडेन आणि तू घाबरशील, म्हणून लिहिते आहे. अब्बांना दाखवू नकोस. आधी तू एकटा बसून वाच.

माझ्या ऑफिसातला अर्सलान आठवतो ना? श्रीलंकेचा, उम्म अल कुवैनहून रोज गाडीने येतो तो. त्याचे वडील व्हिजिटवर आलेत. गेल्या शुक्रवारी दोघांना दुबईत आमच्या करामाच्या घरी जेवायला बोलावलं. दार उघडलं आणि माझी हुमेरा बघतच राहिली. "मम्मा, अंकल लुक्स लाइक नाना!" मी डोळ्यांनीच दटावलं, पण पोरगी खरंच बोलली होती. कपाळ अब्बांचं, हसताना मान तिरकी करायची सवयही त्यांचीच. सांदण तोंडात घातलं आणि पाहुणे म्हणाले, "बेस हाय." मी वाढायची थांबले. हा शब्द कुठला, विचारलं. म्हणाले, "मेरे बाप का. वो रत्नागिरी का था. रेलवे के जहाज़ पे कोयला झोंकता था."

लहानपणी आपण हसायचो, आपला आजा रेल्वेत होता तर समुद्रात कसा? धनुष्कोडीला गाडी धक्क्यापर्यंत यायची, उतारू बोटीत चढायचे, पलीकडे लंकेत तलाईमन्नारला दुसरी गाडी तयार. बोट रेल्वेचीच, तिकीटही एकच. आजा खाली बॉयलरपाशी. जुनाट बोट ती, दादी म्हणायची, कोळसा खाते तशी माणसंही खाते. रोज इकडून तिकडे, तिकडून इकडे. लियाकत, दोन्ही काठांवर त्याचं घर होतं रे! चौसष्टच्या वादळात धनुष्कोडी वाहून गेली तेव्हा तो पलीकडच्या घरी होता. बोट बंद झाली आणि तो परतलाच नाही. तो बुडाला समजून इकडे रत्नागिरीत दादीने बांगड्या उतरवल्या, अब्बा शाळा सोडून मासळीच्या ट्रकवर चढले. आणि हा तिकडे बंदरावर चहा विकत म्हातारा झाला, तिथेच वारला. मला अजून खरं वाटत नाही. पाहुण्यांचं नाव विचारलं तर म्हणाले, याकूब. अब्बांचंच नाव! थोरल्याचं नाव त्याने धाकट्यालाही दिलं.

आपण कोण ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मेरा भाई ज़िंदा है?" मला आज्याचा इतका राग आला होता की मी हात सोडवून घेतला. अर्सलाननेच पाणी आणलं. मग मी म्हणाले, "हां, है."

आता ते कोलंबोला जायला तयार नाहीत. ई-व्हिसा आला, रविवारी मुंबईला उतरून थेट रत्नागिरीला निघणार. थांबा म्हटलं तर म्हणतात, "बेटी, और कितना रुकूं?" म्हणून हे पत्र. अब्बा दर डिसेंबरात बुडालेल्या बापासाठी दुआ मागतात, त्यांना हे फोनवर मी कसं सांगू? तू जवळ बस, हात धर आणि सांग. ओरडले तर ओरडू दे. आज्याच्या नावाने काय हवं ते बोलू दे. पण रविवारी दार लावू देऊ नकोस. जो येतोय, त्याने काही केलेलं नाही.

तुझी बहीण,
शहरबानू